आठ म्हणजे आठ

त्यांना खुर्ची चालत नसे. आमच्या टाइम ऑफिसात खुर्ची पुढे केली, पुसून दिली, पंख्याखाली नेऊन ठेवली, तरी हा माणूस बसेल तर शपथ. टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून, कधी या पायावर तर कधी त्या पायावर भार देत उभ्यानं चहा प्यायचे, आणि त्यांच्याकडे बघता बघता माझ्याच पायांना मुंग्या यायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, भाऊ, एक तर बसा नाहीतर जा, माझी सगळी हजेरी चुकून राहिली. तर म्हणाले, आठ घंटे बसूनच येऊन राहिलो बाई, आणखी कायले बसवते.

ते खरंच होतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. बॉयलरचा दाब, तापमान, पाणी, सगळं समोरच्या पडद्यांवर. माणसानं बसायचं, बघत राहायचं आणि काही घडू नये एवढं बघायचं. पंचवीसेक वर्षं त्यांनी हेच केलं, आणि त्यांच्याइतका सावध ऑपरेटर दुसरा नाही असं त्यांचे साहेबसुद्धा म्हणायचे. मी खाली, गेटाजवळच्या टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आलं, कोण रजेवर आहे, कोणाची पाळी कोणाशी बदलली, हे सगळं माझ्याकडे. कामठीहून शेअर ऑटो आणि पुढे बस करत मी रोज पावणेआठला खुर्चीत असायचे. म्हणजे मी बसणारी आणि ते न बसणारे. आमचं जमायचं तसं काही कारण नव्हतं.

प्लांटमध्ये सगळे त्यांना 'जंगली' म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी भाऊ म्हणायचे, कारण नागपुरात ओळखीचा काय न् अनोळखी काय, माणूस भाऊच असतो. त्यांचं वेड असं, की दोन दिवस सुट्टी जोडून मिळाली की हे जंगलात जाऊन झोपायचे. फिरून यायचे नाहीत, झोपायचे. तेही तंबूंची रांग, नळ, संडास, सकाळी पोहे असल्या ठिकाणी नव्हे. जिथं पाटी नाही, फाटक नाही, पावती फाडणारा माणूस नाही, तिथं. देवलापारच्या पलीकडे, सावनेरच्या वरच्या अंगाला, मध्यप्रदेशाच्या हद्दीला लागून टेकड्या आहेत. अर्ध्या वनखात्याच्या, अर्ध्या महसुलाच्या, कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून पडलेल्या. कुठली कोणाची, हे तिथल्या लोकांनाही धड सांगता येत नाही. व्याघ्र प्रकल्पात मात्र ते पाऊल टाकत नसत. वाघाच्या घरी जाऊन झोपायचं नाही, त्यालेही ड्यूटी असते, असं म्हणायचे.

सामान म्हणाल तर एक ताडपत्री, मच्छरदाणी, चादर, दोन बाटल्या पाणी, तांब्या आणि एका डब्यात कणीक. तिथल्याच गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांवर कणकेचे जाड पानगे भाजायचे आणि जवसाच्या चटणीशी खायचे. फोन न्यायचे, पण बंद करून चादरीत गुंडाळलेला. तिकडे रेंज नसतेच, मग उगाच बॅटरी कायले जाळायची. आणि नियम तर इतके, की जंगलात चालले आहेत की कोर्टात हेच कळू नये. नाल्यात झोपायचं नाही, कोरडा असला तरी. पाण्याजवळ नाही, कारण पाणी जनावरांचं आहे. मोहाला फुलं असतील तेव्हा मोहाखाली नाही, अस्वल येतं. जिथं रांधलं तिथं नाही. आणि एका जागी दोन रात्री तर मुळीच नाही. हे का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, दुसऱ्या रात्री माणूस दगड सरकवते, मंग चूल मांडते, मंग ते घर होते. घर आहे ना मले कॉलनीत.

एकदा आमच्या प्लांटच्या क्लबानं सहल काढली होती. एका जलाशयाच्या काठाला तंबू होते, प्रत्येक तंबूवर नंबर, आत पलंग आणि गादी. आम्ही बाया तर खूश होतो, एक दिवस का होईना पण घरचा स्वयंपाक नाही. आल्या आल्या तिथल्या मुलानं हातात कागद दिला. साडेसहाला शेकोटी, साडेसातला गाणी, साडेआठला जेवण, सकाळी साडेसहाला पक्षी. भाऊंनी तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, अवं, ही तर शिफ्टच आहे. बघते तर काय, शेकोटी पेटायच्या आधीच त्यांचा तंबू रिकामा. साहेब चिडले, कोणाला तरी शोधायला पाठवतो म्हणाले, तेव्हा मीच म्हटलं, कोणी सापडणार नाही, सकाळी बस कुठून जाते ते फक्त त्यांना माहीत आहे ना बघा. सकाळी बस फाट्यावर आली तर हे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, रस्त्याच्या कडेला बस यायची वाट बघत येरझाऱ्या घालत होते. आणि बसमध्ये चढून दारातच उभे राहिले, थेट खापरखेड्यापर्यंत.

आमची ओळख झाली ती भांडणातून. मी नवीन होते. माझ्या आधीचे बाबू दहा मिनिटं सोडून द्यायचे, सगळ्यांना ती सवय लागली होती. मी सोडत नव्हते. हजेरीच्या मशीनवर आठ वाजून दोन मिनिटांना बोट पडलं तर माझ्याकडे उशीरच लागायचा. पहिल्या महिन्यात निम्मा प्लांट माझ्या टेबलाशी येऊन बोंबलून गेला. मी कामठीची, माझे वडील पॉवरलूमवर कामाला, पाच मिनिटं उशीर झाला तर दुसरा माणूस मागावर उभा असायचा. ते बघतच मी मोठी झाले. मला कोणाच्या ओरडण्याचं काही वाटायचं नाही. मागे मला 'घड्याळबाई' म्हणायचे, तेही मला माहीत होतं. असू दे म्हणायचे मी. तर एका सोमवारी हे आले आठ वाजून चार मिनिटांनी, पँटीला कुसळंच कुसळं, केसांत काटक्या. मी उशीर लावला. दुपारी आले, टेबलाशी उभे राहिले आणि विचारलं, चार मिनिटांचाही लावते काय? मी म्हटलं, चार मिनिटं म्हणजेही उशीरच. तर हा माणूस चक्क हसला आणि निघून गेला.

पुढच्याच शुक्रवारी त्यांनी माझ्या टेबलावर एक बंद लिफाफा ठेवला, ऑफिसचाच, वापरलेला, उलटा करून चिकटवलेला. वर लिहिलं होतं, सोमवार, आठ.

"हे ठेव. सोमवारी मले आठची पाळी आहे. आठ वाजून एक मिनिट झालं अन् मशीनवर माझं बोट नाही पडलं, तर फोड. त्याच्या आधी नाही. सात एकोणसाठलेही नाही. आठ म्हणजे आठ."

आत, कुठं झोपायला चाललो ते लिहिलं होतं म्हणे. मी विचारलं, मीच का? तेव्हा त्यांनी सांगितलं. आधी हा लिफाफा कॉलनीतल्या एका मित्राकडे असायचा. एकदा त्या मित्राला रविवारीच काळजी वाटायला लागली. त्यानं एक दिवस आधी लिफाफा फोडला, चार ठिकाणी फोन केले. पोलीस गेले, वनखात्याची माणसं गेली, अर्धी कॉलनी गेली. हे ठरल्या वेळी आपले आपण चालत आले तर रस्त्यावर जत्रा. ह्यांना मेमो मिळाला, तो मिळायचाच. पण ज्या गावातून हे वर चढले होते, तिथल्या म्हाताऱ्या कोतवालाला वनखात्याच्या लोकांनी चार दिवस त्यांच्या ऑफिसात बसवून ठेवलं, कोणाला आत सोडलंस म्हणून. मेमो येते न् जाते, भाऊ म्हणाले, पण त्या माणसानं मले पाणी पाजलं होतं. म्हणून त्यांना असं कोणी हवं होतं, जे घाबरून एक दिवस आधी फोडणार नाही. तू चार मिनिटं नाही सोडत, तू एक दिवस कायची सोडते, असं म्हणाले.

मला ते ऐकून फार बरं वाटलं, हे आत्ताच सांगून टाकते. ज्या गोष्टीसाठी सगळा प्लांट मला शिव्या घालायचा, त्याच गोष्टीसाठी कोणीतरी माझ्यावर विश्वास टाकत होतं. मी तो लिफाफा पर्समध्ये ठेवला, चेन लावली, आणि घरी जाईपर्यंत तीनदा चेन तपासली.

लिफाफा वहिनींकडे, म्हणजे भाऊंच्या बायकोकडे, का नाही, हा प्रश्न मला पडला होताच. त्यांच्या क्वार्टरवर एकदा कशाला तरी गेले, तेव्हा वहिनींनीच सांगितलं. मुलगी पुण्याला, घरात ही दोघंच. वहिनी कांदा चिरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, मीच त्याइले सांगतलं आहे, मले गावाचं नाव नका सांगू. नाव कळलं की मी डोळे मिटले की तिथंच जाते, रात्रभर त्या डोंगरावरच असते. नाही कळलं तर निदान दोन घास खाते.

तीन वर्षं मी ते लिफाफे सांभाळले. सोमवारी पावणेआठ-आठच्या दरम्यान भाऊ यायचे, मशीनवर बोट ठेवायचे, माझ्याकडून लिफाफा घ्यायचे, न फोडता त्याचे चार तुकडे करायचे आणि टोपलीत टाकायचे. एकदाही फोडायची वेळ आली नाही. पण त्या सगळ्या रविवारी मी काही स्वस्थ बसले नाही. उगाच कपाटं आवरायचे, गच्चीवर जायचे, खाली यायचे, पुन्हा वर. आई म्हणायची, पायाले भिंगरी त्याच्या आहे, तुले काय झालं वं? मला काय झालं ते मलाही कळत नव्हतं. कोणीतरी कुठंतरी उघड्यावर पडलेलं आहे आणि ते कुठं, हे माझ्या पर्समध्ये आहे, पण मला माहीत नाही. हा काय प्रकार आहे, असं वाटून माझं डोकं सणकायचं. मग सोमवारी त्यांचा चेहरा दिसला की राग यायचा आणि लगेच जायचाही.

शेवटी एकदा मी हट्टच धरला, की हे तुमचं जंगल मला एकदा दाखवा. थंडीचे दिवस होते. आईनं माझ्या भावाला सोबत दिलं, आणि तो सगळा वेळ कुरकुरत आला. बसमधून उतरल्यावर भाऊ आधी गावात गेले. ही त्यांची पद्धतच होती, गावाला विचारल्याशिवाय वर चढायचं नाही. कोतवालाच्या घरी जायचं, त्यानं दिलेलं पाणी प्यायचं, कोणत्या खोऱ्यात झोपणार आणि कोणत्या अंगानं उतरणार ते सांगायचं, मगच निघायचं. चोरासारखं कायले शिरायचं, दारातून जाते ना आपण, असं म्हणायचे. मग आम्ही चढलो. सागाची पानगळ पुरती सुरू झाली नव्हती, पण वाळलेली पानं होती, पायाखाली नुसता आवाज. भाऊ न थांबता चालत. आम्ही मागे पडलो की तेच उलटे येत, आम्हाला घेत आणि पुन्हा पुढे जात. म्हणजे जेवढं आम्ही चाललो त्याच्या दुप्पट ते चालले असतील.

आणि मग ते झोपायची जागा शोधायला लागले. ही गंमत बघायलाच हवी होती. एक जागा दिसली की तिथं पाठीवर आडवे व्हायचे, वर बघायचे, वाळकी फांदी तर नाही ना. मग डावीकडे कान, उजवीकडे कान. मग उठायचे. नाही. पुढे पुन्हा आडवे. नाही. अशा सात-आठ जागा झाल्या तेव्हा माझा भाऊ म्हणाला, खोली पसंत करून राहिले का हे हॉटेलातली? मी त्याला गप्प केलं, पण मलाही हसू येत होतं. शेवटी एका उतारावर, तीन साजाची झाडं एकत्र होती तिथं ते आडवे झाले आणि उठले नाहीत. आम्ही डबा सोडला, खाल्लं, आवरलं, तरी ते तसेच. हात पोटावर, डोळे उघडे. तीन वर्षांत या माणसाला मी एक मिनिट स्वस्थ बघितलं नव्हतं, आणि तिथं ते तासभर हलले नाहीत. त्यांना काय हवं असतं ते मला त्या दिवशी कळलं. बाकी कुठंच ते त्यांना मिळत नव्हतं, घरीही नाही. आम्ही दोघं संध्याकाळच्या बसनं परत आलो, ते तिथंच राहिले.

आता त्या रविवारचं सांगते. किती दिवस टाळलं, पण सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

मार्च संपत आला होता. दुपारी दीडच्या सुमाराला कामठीत आभाळ काळंकुट्ट झालं आणि गारा सुरू झाल्या. आमच्याकडे मार्चमध्ये गारा पडतात, त्यात नवल नाही, पण त्या दिवशी लिंबाएवढ्या पडल्या. आमच्या शेजाऱ्यांचे पत्रे फाटले, मागच्या गल्लीत एक झाड पडलं. तासाभरानं थांबलं. टीव्हीवर सांगायला लागले, रामटेकच्या बाजूला जास्त आहे. मी भाऊंना फोन लावला, बंद. बंदच असतो. पुन्हा लावला. साडेतीनला वहिनींचा फोन आला, त्यांनी एवढंच विचारलं, लिफाफा तुझ्याजवळच आहे ना. आणि पाच वाजता त्या स्वतः आल्या, खापरखेड्याहून, ओल्या रस्त्यानं, दोन ऑटो बदलून.

आमच्या समोरच्या खोलीत त्या बसल्या. आईनं चहा दिला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मी आजवर कधी नाव विचारलं नाही. आज विचारून राहिली. फोड वं."

मी म्हटलं, वहिनी, उद्या आठ वाजता. त्यांनीच सांगितलंय. मी त्यांना त्या कोतवालाची गोष्ट सांगितली, चार दिवस बसवलेल्या म्हाताऱ्याची. मी म्हटलं, भाऊंना जंगल माहीत आहे, आडोसा शोधतील, आजवर एकदा तरी चुकले का? आई म्हणाली फोड. माझा भाऊ म्हणाला, अगं पागल झाली का तू, फोड. जो तो मला फोड म्हणत होता, आणि जितके जास्त म्हणत होते तितकी मी घट्ट होत होते. त्यांची काळजी मला नव्हती असं नाही. पण मला माझ्या शिस्तीचा माज होता, हे आज मी कबूल करते. आधीचा तो मित्र घाबरला होता, मी घाबरणारी नव्हते. यासाठीच तर त्यांनी मला निवडलं होतं.

लिफाफा टेबलावर होता. वहिनींनी तो उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि एका कोपऱ्यातून फाडायला सुरुवात केली. मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

हिसकावला नाही. हळूच घेतला, समजावत घेतला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत घेतला. त्यानं काही फरक पडत नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि सातच्या सुमाराला निघून गेल्या. माझा भाऊ त्यांना सोडायला गेला आणि आल्यावर माझ्याशी बोलला नाही.

सोमवारी सातलाच मी ऑफिसात होते. मशीनसमोर उभी राहिले. एकेक माणूस येत होता, बोट ठेवत होता, माझ्याकडे बघून पुढे जात होता. आठ वाजले. आठ वाजून एक मिनिट झालं. कोपरा फाटलेलाच होता, मी तिथूनच फोडला.

आत शिफ्टच्या जुन्या कागदाच्या पाठीवर भाऊंचं अक्षर. गावाचं नाव, कोतवालाचा फोन नंबर, वनखात्याच्या कोणत्या ऑफिसात सांगायचं ते. चढायची वाट, झोपायचं खोरं. आणि खाली, रविवारी दुपारी पलीकडच्या अंगानं उतरीन, कड्याखालून जी पायवाट जाते तिनं. सगळं इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं, की नवखा माणूसही सरळ तिथं जाऊन पोचला असता. मी फोन केले. कोतवाल म्हणाला, तो माणूस कालच तिकडून उतरून गेला असेल म्हणून मी बघितलं नाही, आणि इकडं गावात सगळ्यांच्याच घरांची कौलं फुटली. तो चार माणसं घेऊन निघाला. दुपारी बाराच्या आत भाऊ सापडले. त्याच पायवाटेवर, कागदावर लिहिलं होतं तिथंच.

गारा आल्या तेव्हा ते कड्याच्या आडोशाला गेले होते. दुसरा कोणीही तेच करेल. पाण्यानं वरची माती सुटली, एक दगड घसरला आणि डावं पाऊल त्याच्याखाली गेलं. रविवारी दुपारपासून सोमवारी दुपारपर्यंत ते तसेच होते, ओले, पाय दगडाखाली. जिवंत होते. पण डॉक्टर वहिनींना म्हणाले, आणि मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते, की काल रात्रीपर्यंत आणलं असतं तर पाय वाचवता आला असता. डावा पाय घोट्याच्या वर काढावा लागला.

सहा महिन्यांनी ते ड्यूटीवर आले. कंट्रोल रूम तिसऱ्या मजल्यावर, म्हणून साहेबांनी हलकं काम दिलं. हलकं काम म्हणजे कुठं, तर माझ्या टाइम ऑफिसात. माझ्या समोरचं टेबल. आता ते बसायचे, आठ तास, माझ्यासमोर. नकली पाय बसवला होता, सपाट रस्त्यावर बरे चालायचे, काठीही सोडली होती मधे. पण एकदा, कोणाला न सांगता, ते एका टेकडीच्या पायथ्याशी गेले आणि तासाभरात परत आले, हे मला मागाहून कळलं. बसल्या बसल्या त्यांची बोटं टेबलावर चालायची. खिडकीतून चिमणीचा धूर कोणत्या दिशेला जातो ते दर दहा मिनिटांनी बघायचे. पेन उघडायचे, मिटायचे, उघडायचे. मला ते बघवायचं नाही. दुसऱ्या खात्यात बदली मागायचा मी दोनदा अर्ज लिहिला आणि दोनदा फाडला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते माझी बाजू घ्यायचे. प्लांटमध्ये कोणी कुजबुजलं, की हिनं आदल्या दिवशी फोडला असता तर, की हे लगेच बोलायचे. तिनं बरोबर केलं. मीच सांगतलं होतं, आठ म्हणजे आठ. तिनं शब्द पाळला. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे. मी माफी मागायला तोंड उघडलं, की हात वर करून थांबवायचे, तुझी काय चूक गा, असं म्हणायचे. गा म्हणायचं ते गड्याला, बाईला गा कोण म्हणतं? पण तेवढं लाडानं म्हणायचे, आणि मी पुन्हा हजेरीत डोकं घालायचे. वहिनी कधी डबा द्यायला गेटवर आल्या, तर तो वॉचमनच्या हाती द्यायच्या, मी पाच पावलांवर असले तरी. ते मला समजत होतं. भाऊंचं हे चांगलं वागणं मला समजत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. अशी चार वर्षं गेली.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. हॉलमध्ये कार्यक्रम, शाल, श्रीफळ, साहेबांची भाषणं. वहिनी पहिल्या रांगेत. भाऊ बोलायला उभे राहिले, आणि दोन वाक्यांत सगळ्यांचे आभार मानून माझ्यावर आले. म्हणाले, हिच्यासारखं वेळेचं माणूस मी पाह्यलं नाही. हिनं आठ वाजून एक मिनिटानं लिफाफा फोडला म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी मांडीतल्या नारळाकडे बघत होत्या. मी उठले आणि सरळ बाहेर, सायकल स्टँडकडे निघून गेले.

थोड्या वेळानं ते आले, शाल काखेत मारून, एका अंगावर भार देत. मी म्हटलं, भाऊ, आता तुम्ही निवृत्त झालात, मी तुमची कोणी लागत नाही, मला एकदाच खरं सांगा. फोडायला पाहिजे होतं का?

मला वाटलं, आता पुन्हा हात वर करतील.

"गारा थांबल्या तेव्हा चार वाजले असतील," ते म्हणाले. "मी म्हटलं, आता ती फोडते. पाच वाजले, म्हटलं आता फोडते. दिवस बुडाला, तरी मी वाटेकडं पाहून राहिलो. मीच शिकवलं होतं ना वं तुले, आठ म्हणजे आठ. अन् तिथं पडल्या पडल्या तुलेच म्हणत होतो, बाई, नको ऐकू माझं. आज एक दिवस नको ऐकू."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं मला बरोबर काहून म्हणत राहिलात?

"नियम माझा होता. तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

मी रडायला लागले. कोणी बघेल, काय म्हणेल, काही सुचलं नाही. स्कुटरींच्या मधे उभी राहून मी लहान पोरीसारखी रडले. मग मी ते वाक्य म्हटलं, जे चार वर्षं त्यांनी मला म्हणू दिलं नव्हतं.

"भाऊ, मी चुकले."

त्यांनी या वेळी हात वर केला नाही.

"हाव," ते म्हणाले. "चुकली तू."

चार वर्षांत माझ्याशी इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.